विहीणबाई, आपण हॉटेलातच भेटलो

यशोधराताई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाल्यावर, मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि खोटं बोलले. म्हणाले, 'आमच्या दोन्ही घरांचा मोठा घरोबा होता.' समोर सतरंजीवर अश्विनी बसली होती. माझी मुलगी, तुमची सून. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि या आठ वर्षांत तिच्या आईनं तिच्या सासूच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नंतर जेवणं झाली. आचाऱ्यानं केलेलं वरण, भात, वांग्याची भाजी. मी पंगतीत बसून जेवले. आचाऱ्याचं मला चालतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वर्तमानपत्र उघडते, मिटते. काल दुपारी ऑटो केला आणि जिंतूर रोडला मुजीबभाईंच्या हॉटेलासमोर जाऊन उतरले. आत गेले नाही. रस्त्याच्या कडेला उन्हात थोडा वेळ उभी राहिले आणि आले तशी परत फिरले. ऑटोवाल्यानं विचारलं, 'मावशी, तब्येत बरी हाय ना?' बरी आहे म्हणाले. तुम्हाला जे सांगायचं होतं ते सभागृहात बोलता आलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे. लिहितानाही दोनदा उठून झालं.

आपली पहिली भेट आठवते का? अश्विनी आणि तुमचा आनंद पुण्याला एका कॉलेजात शिकले. तिथंच त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी आणि अश्विनीचे बाबा, आम्ही दोघंही गेलो नाही. तुम्ही एकट्या गेलात आणि साक्षीदार म्हणून सही करून आलात. पुढची दोन वर्षं परभणीत असूनही आपण एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. मग आनंदला मस्कतला नोकरी लागली. निघायच्या आधी अश्विनीचा फोन आला. 'आई, माझ्या सासूबाई आता तिथं एकट्या राहणार. तू त्यांना एकदा भेट. माझ्यासाठी.'

मी तुम्हाला स्टेशन रोडच्या हॉटेलात बोलावलं. घरी या म्हणाले नाही, तुमच्या घरी येते असंही म्हणाले नाही. तुम्ही माझ्या आधी येऊन बसला होता. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. नर्सची नोकरी संपून तीन वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. चहा आला. मग तुम्ही विचारलं, 'मंदाताई, पोरं तिकडं काय खात असतील हो?'

मी पिंगळीच्या शाळेत तीस वर्षं नकाशे शिकवले. भिंतीवर मस्कत दाखवलं असेल कितीदा. तिथली माणसं काय जेवतात याचा विचार कधी केला नव्हता.

'जिंतूर रोडला एकानं अरबी जेवणाचं हॉटेल काढलंय म्हणे,' तुम्ही म्हणालात. 'जाऊन बघू. पोरांचं खाणं आपल्याला ठाऊक पाहिजे.'

असं सुरू झालं ते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी.

मुजीबभाई पंधरा वर्षं जेद्दाला एका येमेनी माणसाच्या स्वयंपाकघरात होते. परत येऊन त्यांनी गालिचे घातलेलं, पडद्यांच्या खोल्यांचं हॉटेल काढलं. आपण पडद्याआड जमिनीवर बसलो आणि समोर परातीएवढं एकच ताट आलं. पिवळसर भात, वर अख्खी कोंबडी, मनुका आणि तळलेला कांदा. 'आपा, इसमें तिखट नै रहता,' मुजीबभाई म्हणाले. 'इत्मिनान से खाव.'

मी त्यांच्याकडं दोन वेगळ्या ताटल्या मागितल्या. तुम्ही मला थांबवलं. 'तिकडं एकाच ताटात खातात. पोरं खातात तसंच खाऊ.' मी हात मागं घेतला होता, तो तुम्ही पाहिलात. चमचा उचलला आणि भाताच्या मधोमध एक रेघ ओढली. 'ही तुमची बाजू, ही माझी.' अर्ध्या तासानं बघितलं तर रेघ कुठं होती ते सांगता येत नव्हतं. त्या ताटाचा फोटो तुम्ही मस्कतला पाठवला. अश्विनीचा लगेच फोन आला आणि तिला रडू आवरेना. तिला वाटलं, झालं, आता दोन्ही आया एक झाल्या.

मलाही थोडा वेळ तसंच वाटलं.

तुमच्याबरोबर हॉटेलात जाणं सोपं नव्हतं, हेही सांगून टाकते. गंगाखेड रोडच्या चायनीजवाल्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'सूपमध्ये पीठ कच्चं राहिलंय, परत उकळून आणा.' तो बिचारा आपल्या पिंगळीचाच, पुण्यात दहा वर्षं भट्टीसमोर उभा राहून शिकून आलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र उठून त्याच्या भट्टीपाशी गेलात, आलं-लसूण किती घालतो ते विचारलं, तो चीनला गेलाय का तेही विचारलं. तो म्हणाला, 'बाई, मी नागपूरच्या पलीकडं गेलो न्हाई.' तुम्ही एवढ्या हसलात की तोही हसला. पुढच्या वेळी त्यानं आपलं सूप स्वतः आणून दिलं आणि तुम्ही पहिला चमचा घेईपर्यंत तिथंच उभा राहिला.

मुलं जे सांगायची ते आपण इथं शोधायचो. मस्कतला त्यांच्या शेजारी एक नेपाळी कुटुंब होतं. अश्विनी म्हणाली, 'आई, त्यांच्याकडचे मोमो खाऊन बघायला पाहिजेस तू.' वसमत रोडला दिलमायाचं दुकान होतं. पोखऱ्याची बाई, नवऱ्याच्या मागं पुण्याला आली, तिथून इथं. चार टेबलं आणि वाफेचं मोठं भांडं. ती मोमोच्या कडा दुमडायची ते बघत तुम्ही म्हणालात, 'आपल्या करंजीला मुरड घालतात तसंच हाय की.'

त्याच दुकानात आपलं भांडण झालं.

तुम्ही सहज बोलल्यासारखं बोललात. 'पुढच्या वेळी माझ्या घरी या. लय झालं हॉटेल. मी करते काहीतरी.'

मी म्हणाले, 'बघू.'

'चार वर्षं बघायलाव तुमी.'

'तसं नाही हो. आमच्याकडं अश्विनीच्या बाबांना नाही आवडत.'

'त्यांना काय आवडत न्हाई? मी, का माझं घर?'

मी इकडं तिकडं बघायला लागले. दिलमाया चटणी वाटत होती, तिला मराठी चांगलं कळायचं. 'हळू बोला,' मी म्हणाले.

'मी हळूच बोलायले. मंदाताई, तुमी अरबाचं खाल्लं, चिन्याचं खाल्लं, नेपाळ्याचं खायलाव. तुमच्या पोरीच्या सासूचंच तेवढं तुमाला जमंना.'

'माझ्या हातात नाही ते,' मी म्हणाले. 'घरात त्यांच्यापुढं माझं काही चालत नाही.'

तुम्ही प्लेट सरकवली, पिशवी उचलली आणि निघून गेलात. तीन महिने फोन नाही. मी इकडं अश्विनीला सांगत राहिले, तुझ्या बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. ती बाबांवर चिडली. पुढं फोनवर ती त्यांच्याशी तुटक बोलायला लागली, ते मी ऐकत होते.

मग एक दिवस तुमचाच फोन आला. आवाज नेहमीचा. 'पोरं इटलीला चाललीत. परभणीत इटलीचं कुठं मिळतं ते बघा.' जणू काही झालंच नव्हतं. मला एवढं हायसं वाटलं की मी का, कसं काहीच विचारलं नाही.

ऋतुजाचं कॅफे मीच शोधलं. ती पेडगावची, माझ्या सासरच्या गावची. कृषी विद्यापीठात शिकली आणि नोकरी न बघता तिनं कॅफे काढलं. पास्त्याचं पीठ ती स्वतः मळायची, वडिलांच्या शेतातल्या बन्शी गव्हाच्या रव्याचं. तुम्ही तो रवा बोटांत घेऊन बघितलात. 'हा तर आपला शेवयांचा गहू.' ऋतुजा म्हणाली, 'हो काकू, इटलीतपण असाच कडक गहू लागतो.' तुम्ही माझ्याकडं वळलात. 'म्हणजे पोरं तिकडं जाऊन शेवयाच खायलेत.'

त्या दिवशी काटा-चमचा आपल्याला दोघींना जमत नव्हता. तुम्ही काट्याला पास्ता गुंडाळता गुंडाळता अश्विनीच्या बाबांचं विचारलंत, 'भाऊ कसे हायत? अजून तसेच कडक?'

मी म्हणाले, 'हो, तसेच.'

तुम्ही हसलात. काट्यावरचं सगळं सुटून परत ताटात पडलं. तुम्ही पुन्हा गुंडाळायला लागलात.

त्यानंतर दीड वर्ष आपण जात राहिलो. मधल्या काळात मी एकदा तुमच्या घरी यायला निघाले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पेडगावहून भुईमुगाच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. पिशवी भरून घेतली आणि तुमच्या कॉलनीत उतरले. फाटकापर्यंत आले. तुमच्या चपला पायरीवर होत्या, आतून फोडणीचा वास येत होता. कडीला हात लावला. शेजारच्या गच्चीवर कुणी बाई कपडे वाळत घालत होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यानं मी हात काढला. मी त्या बाईला ओळखतही नव्हते. शेंगा घेऊन परत आले आणि घरीच उकडल्या. तुम्ही खिडकीतून पाहिलं होतं का? हा प्रश्न गेले काही दिवस सारखा येतो. पाहिलं असेल तर पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्याशी तशाच कशा बोललात?

मग त्या मंगळवारी सकाळी तुमच्या शेजारणीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मुलं इटलीहून पोचायला वेळ लागणार होता. अश्विनीचे बाबा आणि मी धावत आलो. तुमच्या घराचा उंबरा मी पहिल्यांदा ओलांडला तो असा. मी तुमच्या उशाशी बसले. घड्याळ मनगटावर तसंच होतं, आतल्या बाजूला. शेजारणीनं पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो हातात धरून बसले आणि थोड्या वेळानं खाली ठेवला. तहान लागली होती, तरी ठेवला. हे लिहिताना हात थांबतो आहे. पण आज काही गाळायचं नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. अश्विनीचे बाबा ओट्यावर बसले होते. ते फार बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी चहा ठेवला तर म्हणाले, 'त्यांचा मला एकदा फोन आला होता.'

'कुणाचा?'

'विहीणबाईचा. तुमची दोघींची बोलाचाली बंद होती तेव्हा. म्हणल्या, भाऊ, मंदाताईनं माझ्या घरी जेवू नये असं तुमचं म्हणणं हाय का?'

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.

'मी म्हणलं, माझं कसलं म्हणणं. लग्नाला आलो न्हाई ती चूक केली, तिचं मला अजून वाईट वाटतं. तिला यायचं असंल तर येऊ द्या की. मीपण येईन.'

'मग?'

'मग लय वेळ काही बोलल्या न्हाईत. मला वाटलं फोन कटला. नंतर म्हणल्या, बरं. आपलं बोलणं झालं हे तिला सांगू नका.'

'आणि तुम्ही सांगितलं नाहीत.'

'त्यांनी शब्द घेतला होता,' ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, 'माझं नाव कामून पुढं केलंस, मंदा?' आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. पोरगी दीड-दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलत नव्हती ती माझ्यामुळं, हे त्यांनी मला दाखवलं ते असं, ओट्यावर, चहा निवत असताना.

तर ताई, तुम्हाला माहीत होतं. ऋतुजाच्या कॅफेत 'भाऊ अजून तसेच कडक?' असं विचारलंत तेव्हा माहीत होतं. मी 'तसेच' म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात ते त्यामुळं. दीड वर्ष तुम्ही माझ्यासमोर बसून माझं खोटं ऐकत जेवलात. मी एकेक शनिवार उलगडून बघते आहे. कुठल्या दिवशी तुम्ही मला सांगायची संधी देत होता? कधी बोललात त्यात टोचणी होती आणि मला कळलीच नाही? माझी दया येत होती, की मी स्वतःच्या तोंडानं कबूल करेपर्यंत तुम्ही वाट बघणार होता? तुमचा स्वभाव बघता हे दुसरं जास्त खरं वाटतं. पण मग मुजीबभाईंकडं गेल्या महिन्यात तुम्ही कोंबडीचा चांगला तुकडा माझ्याकडं सरकवलात, तो कशासाठी? याचं उत्तर आता कुणाकडं मागू? मला राग येतो तुमचा. एकदा तरी टेबलावर हात आपटून म्हणायचं होतंत, मंदा, तू खोटं बोलायलीस.

कारण विचाराल तर माझ्याकडं एकच आहे आणि ते सांगताना लाज वाटते. हॉटेलात कुणी बघितलं असतं तर सांगता आलं असतं, मुलीसाठी भेटते अधूनमधून. तुमच्या चुलीपाशी बसून जेवले असते तर मग तुम्ही माझ्या सोयऱ्या झाला असता, आणि पेडगावच्या जावांना, नणंदांना तसं तोंडावर सांगावं लागलं असतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. शाळेत मी वर्षानुवर्षं सगळ्या मुलांना एका रांगेत बसवून खिचडी वाढली, आणि स्वतःला एका दारातून आत नेता आलं नाही. नवऱ्याचं नाव घेणं सोपं होतं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला.

आणि तरी, ताई, माझ्या आयुष्यात मी एवढी कुणाबरोबर हसले नाही. माझ्या सख्ख्या बहिणींबरोबरसुद्धा नाही. साठीनंतर मला मैत्रीण मिळेल असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी मी साडी काढून ठेवायचे. तुम्ही एकदा म्हणाला होता, मला तू म्हणा, विहीणबाई काय सारखं. मला ते जमलं नाही. आताही जमत नाही.

अश्विनीला मी काल संध्याकाळी सांगितलं. फोनवर सांगावं असं एकदा मनात आलं होतं, पण तुमच्या घरी गेले. फाटकाशी उभं राहूनच सांगितलं. बाबांचं काही नव्हतं, मीच येत नव्हते. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, 'मी बाबांना काय काय बोलले तुला माहीत आहे?' मी हो म्हणाले. 'आणि आईला?' आई म्हणजे तुम्ही. 'आईला मी सांगायचे, बाबा म्हातारे झाले की बदलतील. ती नुसती हं म्हणायची.' एवढं बोलून ती आत गेली. आनंद व्हरांड्यात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

रात्र कशीबशी काढली. आज दुपारी पुन्हा गेले. या वेळी फाटकाची कडी काढली आणि सरळ आत गेले. अश्विनी तुमचं स्वयंपाकघर आवरत होती. परवा ती दोघं परत जाणार, घर बंद होणार. ओट्यावर तुमचे डबे मांडून ठेवलेले, कुणाला काय द्यायचं ते ठरवलेलं. मला बघून ती थांबली.

'बोलायला आलीस का?'

'नाही. जेवायला.'

'आता कुणासाठी?'

भिंतीजवळ एक पाट होता, त्यावर बसले. गुडघा दुखला, तरी बसले. ती बराच वेळ माझ्याकडं पाठ करून उभी होती. मग तिनं काचेची एक बरणी उघडली. तळाशी चार चमचे येसर होता, आमटीला लावायचा मसाला, तुम्ही भाजून, कुटून ठेवलेला. 'आईच्या हातचा एवढाच उरलाय,' ती म्हणाली. 'तिकडं न्यायचा होता.' तिनं तो सगळाच पातेल्यात घातला. ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या. तिच्या हाताची फिरत माझी नाही, तुमच्याकडून आलेली आहे, ते मला आज दिसलं.

आमटी एवढी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या पुढं ठेवला. मी प्यायले.

तेवढ्यात आनंद आला. दारात थांबला, मला खाली बसलेलं पाहिलं. मोरीपाशी जाऊन हात धुतले, मांडणीवरचं ताट घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसला. अश्विनीनं त्याला वाढलं. थोड्या वेळानं तिनं पळी उचलली आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, 'अजून घेणार?'

मी ताट पुढं केलं.